दारावरचं नवं

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी नवान्न पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीच्याच दिवशी, ‘नवं’ बांधत. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुर्डू आणि झेंडू ठेवून सुताने आवळलेली ती लहानशी जुडी. मुख्य दार, देव्हारा, तुळस, रहाट, जातं, नांगर, सगळ्यांना एकेक. दोन-चार दिवसांत झेंडू काळवंडे, पान करपे. लोंबी मात्र सोनेरी होत जाई आणि कुर्डूचा गुलाबी रंग ओसरून रुपेरी कांती उरे. कुर्डूच्या फुलाची दलं मुळातच कागदासारखी कोरडी, त्यामुळे ती वाळली तरी गळत नाहीत. आजीने हे कधी सांगितलं नाही. पण कुर्डूशिवाय तिने एकही जुडी बांधली नाही.

ही गोष्ट पन्नासेक वर्षांपूर्वीची. तेव्हा शेतात कमरेच्या वर जाणारे जुने भात होते. कापणीआधी काका निवडून लोंब्या काढत आणि लांब काड्यांची वेणी घालून ओटीसाठी तोरण करत. चिमण्या दिवसभर त्याला लोंबकळत. दिवाळीपर्यंत निम्मे दाणे संपत, तरी तोरण कुणी काढत नसे.

मग बुटके वाण आले. ‘जया’ १९६८ साली प्रसारित झाला होता. आमच्या खाचरात असे वाण पोचायला आणखी काही वर्षं लागली. भात भरपूर पिकू लागला, घरात वर्षाचा तांदूळ साठू लागला. ते फार मोठं सुख होतं आणि मी ते कमी लेखणार नाही. पण काडी आखूड झाली, वेणी घालता येईना. काकांचं तोरण तिथेच थांबलं.

नव्वदच्या दशकात दारावर प्लास्टिकची आंब्याची पानं आली, गणपतीला थर्माकोलचं मखर आलं. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदीची अधिसूचना निघाली. तिने मखर बदललं, दार नाही. बंदीने वस्तू जाते. कुर्डू कुठे उगवतो, लोंबी केव्हा कापायची, ही जाण हुकमाने परत येत नाही.

आज दसऱ्याला दादरच्या बाजारात झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या विकायला असतात. मी दरवर्षी घेतो. घेताना गावाकडची पडीक खाचरं आठवतात आणि वाईट वाटतं, तरी घेतो.

तुम्हीही घ्या. दाणे पिवळे झालेली, पण झडू न लागलेली लोंबी निवडा. जुडी बांधून सावलीत, वारा लागेल अशी उलटी टांगा. तिला वार्निश किंवा सोनेरी रंग मात्र लावू नका. ते दाणे चिमण्या खातात.