जुन्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट बदलताय? फ्लायव्हीलही बघून घ्या

सेकंड हँड ट्रॅक्टर नांगराला जोडला की इंजिनचा आवाज वाढतो, पण ट्रॅक्टर ओढत नाही आणि जळका वास येतो. अशा वेळी क्लच घसरतोय असं समजावं. आधी पेडलचा फ्री प्ले बघावा. तो संपला असेल तर नुसत्या सेटिंगनंही काम भागू शकतं.

तेवढ्यानं भागलं नाही तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत खोलावा लागतो. खरी मेहनत आणि मजुरी इथंच जाते. म्हणून एकदा खोलल्यावर नुसती प्लेट टाकून जोडू नये. प्लेट फ्लायव्हीलवरच घासते, त्यामुळे तेही तापून त्यावर निळे डाग, चरे, तडे पडतात. अशा फ्लायव्हीलवर नवी प्लेट नीट पकडत नाही, लवकर झिजते.

हलके चरे लेथवर निघतात. तडे खोल असतील तर फ्लायव्हील बदलावंच, वेगात फुटलं तर जिवावर बेतेल. सोबत प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तपासावं. सील गळलं तर नवी प्लेटही तेलानं घसरते.

हे काम पेरणीच्या तोंडावर ठेवू नये. आणि ट्रॅक्टर चालवताना क्लचवर पाय टेकवून बसायची सवय सोडावी.