तिसरी फेरी

सातारा जिल्ह्यातल्या एका सैन्यभरती अकादमीच्या मैदानावर उजाडायच्या आतच पोरं पळू लागतात. ४०० मीटरचा ट्रॅक, चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण ६० गुण, पुढच्या पंधरा सेकंदांत आलं तर ४८. बीमवर दहा पुलअप्स काढले की ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅगला गुण नाहीत, पण ते पार करावेच लागतात.

पारख होते ती तिसऱ्या फेरीत. पहिली सगळेच जोशात मारतात. दुसरी संपता संपता खांदे वर चढतात, मुठी आवळल्या जातात. शिकवणारे निवृत्त सुभेदार पायांकडे बघतच नाहीत, त्यांचं लक्ष हातांवर. "मूठ सोड रे!" ते ओरडतात. मूठ सैल झाली की खांदा उतरतो, श्वास मोकळा होतो. दम तुटलेलं एक पोरगं तेवढ्यावर पुन्हा लयीत आलेलं मी पाहिलं.

२०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला. हजारोंच्या गर्दीत मुक्काम ठोकायची वेळ त्यामुळे कमी झाली, हे चांगलंच झालं.

मला काळजी वाटते ती पुढची. २०२२ च्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन परततात, पेन्शन नाही. उद्याचे नाईक आणि हवालदार याच २५ टक्क्यांतून घडायचे आहेत. नाईक व्हायचं तर कॅडर पास व्हावं लागतं: नकाशा, हत्यारं, ड्रिल, हुकूम देणं. सुभेदारसाहेब सांगत होते, त्यांना नकाशा जमत नव्हता. बरोबरच्या शिपायाने रात्री बराकीत बसवून शिकवला. आता शेजारच्या खाटेवरचा जवान हाच स्पर्धक आहे. त्याला शिकवायचं म्हणजे स्वतःची जागा धोक्यात घालायची.

सेक्शन, म्हणजे जवानांची लहान तुकडी, चालते ती अशा शिकवण्यावरच. म्हणून कोणाला ठेवायचं हे ठरवताना, कोणी कोणाला तयार केलं याचेही गुण धरले पाहिजेत, आणि ते सेक्शन कमांडरला विचारून दिले पाहिजेत. त्या पोरांबरोबर तोच राहिलेला असतो.