दुपारची निद्रा आणि मधुमेह

हुमनाबादच्या उन्हाळ्यात भोजनोत्तर वामकुक्षी आम्हां व्यापाऱ्यांना प्रिय आहे. चरकसंहितेत ग्रीष्मातील दिवानिद्रेस अनुमती आहे. परंतु प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख व निद्रासुख ही आरंभीच गणली आहेत. २०१६ साली टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ लाखांहून अधिक स्त्रीपुरुषांची माहिती एकत्र तपासली. दिवसा तासाहून अधिक निजणाऱ्यांत मधुमेहाचा धोका ४५ टक्के अधिक आढळला. ४० मिनिटांच्या आतील डुलकीत तसे आढळले नाही. मात्र निद्रा हेच त्याचे कारण, असे यावरून सिद्ध होत नाही. रात्रीची अपुरी झोप अथवा सुप्त मधुमेहही दिवसा सुस्ती आणतो. म्हणून पेढीच्या गादीवर लवंडताना आपण घड्याळाकडे लक्ष ठेवावे. आणि झोप लांबू लागल्यास रक्तशर्करा तपासून घ्यावी. गृहिणींची सुस्तीही केवळ कामाचा थकवा मानून दुर्लक्षू नये.