ट्रॅक्टरचा सेन्सर बदलण्यापूर्वी तारा तपासा

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला आहे, पेरणीयंत्र जोडून ट्रॅक्टर शेतात उतरला आहे आणि अर्ध्या तासातच पिवळा दिवा लागून एंजिनाची ताकद उतरली आहे, असा प्रसंग ओढवला म्हणजे शेतकऱ्याचा जीव कासावीस होतो. कारण वाफसा कोणासाठी थांबत नाही. अशा घाईत पडद्यावरील आकडे पाहून ‘पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर गेला’ असे अनुमान काढण्यात येते व तालुक्याहून नवा सेन्सर आणविला जातो. पुष्कळदा तो बसविल्यावरही दिवा तसाच राहतो. पैसा जातो, दोन दिवस जातात आणि दोष होता तेथेच असतो.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून अशा बहुतेक ट्रॅक्टरांत डिझेलचा पुरवठा ईसीयू नावाची संगणकपेटी ठरविते. तिला एंजिनाची खबर सेन्सर देतात. म्हणून या मंडळाची तपासणी कशी करावी, हे ट्रॅक्टरमालकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

सेन्सर खबर कशी देतो?

पाण्याच्या उष्णतेच्या सेन्सरला सामान्यतः दोन तारा असतात. पेटीतून एका तारेने ५ व्होल्टचा दाब येतो व दुसरी तार अर्थिंगची असते. सेन्सरमधील द्रव्य तापेल तसा त्याचा विजेस होणारा विरोध घटतो. प्रचारातील एका प्रकारात २० अंश सेल्सिअसला तो सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम भरतो. म्हणजे एंजिन थंड असता तारेवरील दाब अधिक व तापल्यावर कमी असतो. या दाबावरून पेटी उष्णता ओळखते.

आता तार तुटली, तर दाब पूर्ण ५ व्होल्ट राहतो आणि पेटीस एंजिन शून्याखाली ४० अंश गारठले आहे असे वाटते. उलट, तार घासून उघडी पडली व लोखंडास टेकली, तर दाब शून्यावर येतो आणि पेटी एंजिन अतोनात तापले असे समजते. दोन्ही वेळी सेन्सर निर्दोष असू शकतो.

आकड्यांचा अर्थ

पुष्कळ ट्रॅक्टरांवर दोषाचे दोन आकडे उमटतात. पहिला आकडा ११० असल्यास तो एंजिनातील पाण्याच्या उष्णतेचा समजावा. दुसरा आकडा ३ असल्यास दाब प्रमाणापेक्षा अधिक, ४ असल्यास प्रमाणापेक्षा कमी आहे. सेन्सर खराब झाला असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. दोष कोणत्या मंडळात आहे एवढेच ते सांगतात. त्या मंडळात सेन्सर, तारा, कपलर, अर्थिंग व पेटी ही सर्व येतात.

तपासणीचा क्रम

प्रथम एंजिन खरोखरच तापले नाही ना, याची खात्री करावी. रेडिएटरच्या जाळीत भुसकट साचले आहे काय, पट्टा ढिला आहे काय, हे एंजिन बंद करून पाहावे. पाण्याची पातळी एंजिन निवल्यावरच पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये.

दुसरी परीक्षा सकाळची. रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची किल्ली एंजिन न चालविता फिरवावी. पडद्यावर पाण्याची उष्णता अंशांत दिसत असल्यास ती बाहेरच्या हवेइतकी असावयास पाहिजे. मोठी तफावत आढळल्यास खबर खोटी आहे.

तिसरी गोष्ट बॅटरी. एंजिन बंद असता मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. बॅटरी अशक्त असल्यास एकाच वेळी अनेक भलते आकडे उमटतात.

यानंतर किल्ली बंद करून कपलर सोडवावा. आत पाणी, चिखल वा हिरवट गंज आहे काय, एखादी पिन मागे सरकली आहे काय, हे निरखावे. पुन्हा किल्ली फिरवून तारेकडील कपलरमध्ये दाब मोजावा. सुमारे ५ व्होल्ट मिळाल्यास पेटी, दाबाची तार व अर्थिंग ठीक आहेत. मग सोडविलेल्या सेन्सरचा विरोध मोजून तो त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकातील कोष्टकाशी ताडावा. दाब न मिळाल्यास मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकास लावून पुन्हा मोजावे. आता ५ व्होल्ट आले तर अर्थिंगची तार तुटलेली आहे. तरीही न आले तर दाबाची तार तुटली आहे, लोखंडास टेकली आहे किंवा दोष पेटीकडे आहे.

कपलर सोडविताच आकडा ४ जाऊन ३ आला, तर तारा व पेटी आपले काम करीत आहेत आणि दोष सेन्सरमध्येच आहे. ४ तसाच राहिला, तर तार वाटेत कोठेतरी टेकली आहे.

दोष कधी येतो कधी जातो, अशा वेळी एंजिन चालू ठेवून, पंखा व पट्ट्यापासून हात दूर राखून, तारांचा जुडगा ठिकठिकाणी हळूच हलवावा. जेथे हलविता दिवा लागतो वा विझतो, तेथेच दोष समजावा.

काही पथ्ये

मोजण्यासाठी तारेच्या आवरणास सुई टोचू नये. त्या छिद्रातून ओल शिरते. विरोध मोजताना किल्ली बंद असावी. तुटलेली तार नुसती पिळून वर पट्टी गुंडाळणे हे काम दोन पावसाळे टिकत नाही. सांधा पक्का करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. हमीची मुदत चालू असल्यास तारा न कापता अधिकृत कारागिरास बोलवावे.

उंदरांनी कुरतडणे, धक्क्यांनी घासणे आणि जोराच्या फवाऱ्याने धुताना कपलरमध्ये पाणी शिरणे ही दोषाची नेहमीची कारणे होत. म्हणून पेरणीच्या हंगामापूर्वी एक सकाळ तारा व कपलर पाहण्यात घालवावी. ती सकाळ वाफशाचे दोन दिवस वाचविते.