एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली, पण गुडघा तिच्यामुळेच दुखतोय का?

मागच्या महिन्यात आईचा गुडघा दुखायला लागला. वय ५८. एमआरआय काढला, तर रिपोर्टमध्ये 'मेनिस्कस फाटला आहे' असं आलं. झालं, घरात ऑपरेशनची चर्चा सुरू! मी मात्र रिसर्च मेथडॉलॉजीच्या नोट्स काढून बसलो.

आधी गुडघा बघू. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, तेच मेनिस्कस. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवतात ती लिगामेंट्स. कबड्डीत पाय रोवलेला असताना अंग वळलं की एसीएल हे लिगामेंट तुटू शकतं. 'कट्' असा आवाज येतो, काही तासांत सूज चढते. इथे कारण सरळ दिसतं. पन्नाशीनंतरचं दुखणं मात्र हळूहळू येतं, आणि वयानुसार गादीही विरत जाते. दोन्ही एकत्र दिसतात म्हणून एकामुळे दुसरं झालं, असं म्हणायचं का?

२००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम शहरातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांच्या एमआरआयवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक गुडघा दुखतो म्हणून निवडलेले नव्हते. ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात काहीच त्रास नव्हता! दवाखान्यात ही माणसं कधी दिसतच नाहीत, कारण तिथे दुखणारेच येतात. नमुनानिवडीतला दोष म्हणतात तो हाच.

मग फाटलेला भाग काढून फायदा होतो का? फिनलंडमधल्या संशोधकांनी झिजून गादी फाटलेल्या १४६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचा फाटलेला भाग काढला, दुसऱ्यावर ऑपरेशनचं फक्त नाटक केलं. कोण कुठल्या गटात, हे रुग्णांना माहीत नव्हतं. २०१३ मध्ये निष्कर्ष आले : वर्षभराने दोन्ही गटांना बरं वाटत होतं, पण दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तुलनेचा गट नसता, तर सगळं श्रेय ऑपरेशनला गेलं असतं.

अर्थात, हे झिजेच्या दुखण्याबद्दल. खेळताना झालेली इजा किंवा अडकून बसलेला गुडघा यांना हा निष्कर्ष लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आईलाही डॉक्टरांनी आधी मांडीच्या स्नायूंचे व्यायामच दिलेत.

तुमचा सिनॉप्सिस लिहिताना दोन प्रश्न विचारा : माझ्या नमुन्यात कोण आलंच नाही? आणि मी काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं?