ताप गेला, पण जंतू गेला का?

आधी थंडी वाजते. अंगावर दोन घोंगड्या टाकल्या तरी हुडहुडी थांबत नाही. मग अंग तव्यासारखे तापते. काही तासांनी दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी माणूस शेतावर जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा हिवताप, म्हणजेच मलेरिया. जुनी माणसे याला पाळीचा ताप म्हणत.

हा ताप पाळी धरून का येतो? आणि बरा झालेला माणूस काही महिन्यांनी पुन्हा का आजारी पडतो? हे पुरते कळायला शंभर वर्षे लागली. ती हकिकत आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

पूर्वी लोकांना वाटे, दलदलीच्या कुबट हवेने हा ताप येतो. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. १८८० साली अल्जीरिया देशात लाव्हेरां नावाचे फ्रेंच लष्करी डॉक्टर होते. ते रोग्याचे रक्त सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक वस्तू शेकडो पट मोठी दाखवणारे यंत्र. त्यांना रक्तात एक जिवंत, हलणारा जंतू दिसला. दोष हवेचा नव्हता, या जंतूचा होता.

थोड्याच वर्षांत इटलीचे डॉक्टर गॉल्जी यांनी पाळीचे कोडे सोडवले. आपल्या रक्ताच्या एका थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. जंतू एका पेशीत शिरतो, आतला ऐवज खातो आणि वाढतो. एकाचे दहा-वीस होतात. मग पेशी फुटते आणि ते सगळे नव्या पेशींत शिरतात. पुष्कळ पेशी एकदम फुटल्या, की थंडी भरते. नेहमीच्या हिवतापात हा फेरा सुमारे ४८ तासांचा असतो. म्हणून ताप एकाआड एक दिवस येतो. बरं का, सुरुवातीला तो रोजही येऊ शकतो. तेव्हा पाळीची वाट पाहत बसू नये. तांबड्या पेशी अशा फुटत गेल्या, की माणूस पांढुरका पडतो. त्याला धाप लागते. डाव्या कुशीत पानथरी वाढते.

पण जंतू रक्तात येतो कुठून? याचा शोध आपल्याच देशात लागला. रोनाल्ड रॉस हे डॉक्टर सिकंदराबादेस होते. हुसेन खान नावाच्या रोग्याला त्यांनी डास चावू दिले. दर डासामागे त्याला एक आणा दिला. मग एकेक डास चिरून पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात त्यांना जंतूच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. डासाच्या पोटातला जंतू त्याच्या लाळेत उतरतो, आणि डास चावला की लाळेबरोबर अंगात जातो, हे त्यांनी दाखवले. त्याच साली इटलीत ग्रासी यांनी सिद्ध केले, की माणसाचा हिवताप अॅनॉफेलिस जातीच्या डासाची मादीच पसरवते.

तरी एक कोडे राहिलेच. डास चावल्यावर थोड्याच वेळात जंतू रक्तातून नाहीसा होतो. आठवडाभर रक्तात काही सापडत नाही. मग एकदम हजारो जंतू दिसू लागतात. तोवर तो दडतो कुठे?

याचे उत्तर १९४८ साली लंडनमध्ये मिळाले. शॉर्ट आणि गार्नहॅम या शास्त्रज्ञांनी आधी माकडांत शोध घेतला. मग स्वखुशीने पुढे आलेल्या एका माणसाच्या यकृताचा लहान तुकडा काढून तपासला. जंतू तेथे होता! यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांखालचा अवयव. बोकडाची कलेजी आपण ओळखतो, तेच ते. पुढे १९८०च्या दशकात आणखी कळले. व्हायव्हॅक्स जातीचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. काही आठवडे, काही महिने, कधी त्याहूनही जास्त. मग जागे होऊन रक्तात उतरतात.

हरळीचे असेच असते. वरचे गवत कापले म्हणजे शेत स्वच्छ दिसते. पण काशा जमिनीत राहिल्या, तर पाऊस पडताच हरळी पुन्हा फुटते.

आता औषधाचे मर्म ध्यानात येईल. व्हायव्हॅक्सच्या तापात क्लोरोक्विन तीन दिवस देतात. ते रक्तातले जंतू मारते. त्याने ताप उतरतो. प्रायमाक्विन १४ दिवस देतात. ते यकृतातल्या काशा काढते. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या फडताळात ठेवल्या, तर आपण गवत कापले आणि काशा ठेवल्या. पुन्हा ताप आला, की मजुरी बुडते. शिवाय आपल्याला चावलेल्या डासाच्या अंगात सुमारे दहा-पंधरा दिवसांत जंतू तयार होतो. मग तो डास आपल्याच लेकरांना चावतो.

पण उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला कधीही देऊ नयेत. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला देत नाहीत. काही माणसांना ते जन्मतःच सोसत नाही. त्यांची लघवी काळपट होते. तसे दिसताच गोळी थांबवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. फाल्सिपेरम नावाची दुसरी जात मेंदूवर जाते आणि वेळीच उपाय न झाल्यास जीव घेते. तिचे औषध वेगळे आहे. म्हणून ताप येताच आधी रक्त तपासून घ्यावे. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. गोळ्याही फुकट मिळतात.

घरात कोणाला १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील, तर भिंतीवर कोळशाने १४ रेघा ओढा. रोज गोळी घेतली, की एक रेघ खोडा. शेवटची रेघ खोडल्याशिवाय ‘ताप गेला’ असे म्हणू नका.