ड्रायव्हर अपडेटनंतर कॉम्प्युटर बिघडला? फॉरमॅटआधी हे करा

भंडारा : धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीसाठी सेवा केंद्राबाहेर रांग आणि नेमके अपडेटनंतर असेम्बल्ड कॉम्प्युटरचे इंटरनेट बंद! अशा वेळी 'फॉरमॅट मारा' हा सल्ला लगेच मिळतो. त्यात सी ड्राइव्हवरील फाइल्स जाऊ शकतात. त्याआधी जुना ड्रायव्हर परत आणून पाहावा.

काय करायचे?

१. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये बिघडलेल्या भागावर राइट क्लिक करा. 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडा.

२. बटण पुसट दिसले तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही. मग 'सिस्टम रिस्टोअर' वापरा. यात फोटो, कागदपत्रे जात नाहीत. रिस्टोअर पॉइंटनंतर टाकलेले सॉफ्टवेअर मात्र निघते.

३. स्क्रीन काळी पडल्यास 'सेफ मोड'मधून हेच करा.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. तेव्हाही सेफ मोडमधून एक फाइल काढून ते सुरू करता आले.

आधीची तयारी

असेम्बल्डचे सुटे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात. त्यामुळे मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्डचे मॉडेल नंबर लिहून ठेवा. नेटवर्क ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा आणि अपडेटआधी रिस्टोअर पॉइंट तयार करा.